ओढ्याच्या बाई आणि एक कौटुंबिक कारण

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, माननीय नगराध्यक्ष महोदय. त्यांच्या शेजारी विराजमान झालेले व्यापारी संघाचे अध्यक्ष आणि शाळेत माझ्याच बाकावर बसणारे माझे मित्र. नगरपालिकेचा समस्त अधिकारी व कर्मचारी वर्ग. ओढ्याकाठी रोज घामेजलेली भेटणारी आणि आज प्रथमच इस्त्रीच्या कपड्यांत दिसणारी सगळी फिरायला येणारी आणि सायकलवर येणारी मंडळी. उकडतंय म्हणून हट्टाने दाराशी खुर्ची मांडून बसलेली माझी आई. आणि आजच्या सत्कारमूर्ती, ज्यांच्याकडे बघून बोलायचं नाही असं मी ठरवून आलोय.

मी कोण ते बहुतेकांना ठाऊक आहे. तुमच्यातल्या निम्म्यांच्या नाकावर माझं काम बसलेलं इथून दिसतंय. बाजारपेठेतलं चष्म्याचं दुकान माझं, आणि नगरपालिकेत ओढ्याचं काम बघणाऱ्या या सत्कारमूर्ती माझ्या घरातल्या. कार्यक्रमपत्रिकेत "कुटुंबाच्या वतीने मनोगत" असं छापलंय, ते मनोगत म्हणजे मी. घरून निघताना हिने बजावलं, "अहो, दोनच शब्द बोला. एक नमस्कार आणि एक आभार." मी मान डोलावली. पण मंडळी, मघापासून त्या खुर्चीत मी बसलो होतो कसा, ते माझं मला माहीत. तुम्हाला वाटलं असेल, बायकोच्या कौतुकाने माणूस फुलून गेलाय. फुललो नव्हतो हो, चुळबुळत होतो.

आधीच्या वक्त्यांनी फार छान सांगितलं. सगळं खरं आहे. आपला ओढा काय होता आणि काय झाला, हे मी वेगळं काय सांगणार? माझ्या दुकानाची मागची खिडकी वडिलांनी विटा रचून बुजवली होती, कारण वास यायचा. तरीही यायचा. गिऱ्हाईक एका हाताने नाक धरून भिंतीवरची अक्षरं वाचायचं. आता ती खिडकी उघडी असते. काच बदलताना मी विचारतो, "हे बरं दिसतं की हे?" आणि गिऱ्हाईक म्हणतं, "थांबा हो जरा, खंड्या बसलाय पलीकडे." धंद्याचा खोळंबा होतो तो असा!

पण हे झालं कसं, ते कुणी सांगितलं नाही. हिची एक खोड आहे. ही वाट आधी कागदावर काढत नाही. काठावरचा कचरा उचलला, उतार बांधला, गवत येऊ दिलं आणि बाई स्वस्थ बसल्या. कंत्राटदार घरी यायचा. म्हणायचा, "बाई, एक सरळ रेघ मारून द्या ना, आठवड्यात फरशी टाकून मोकळा होतो." ही म्हणायची, "लोक सरळ चालतात का? चालू दे त्यांना आधी." मग रोज संध्याकाळी हातात चुन्याची पिशवी. माणसांच्या पायांनी जिथं गवत मेलं, तिथं ही चुना टाकत जायची. म्हणून आपली वाट अशी वाकडीतिकडी आहे. मोठ्या झाडापाशी ती उगाच वळसा घेते असं वाटतं ना? तिथं माझी आई दम खायला थांबायची. विचारा तिला.

सायकलवाले वरच्या काठाने आणि पायी चालणारे खालच्या वाटेने, हेही तसंच ठरलं. एका सायकलवाल्याने मागून घंटी वाजवली आणि आईने त्याला काठी दाखवली. त्यानंतर काही दिवस नगरपालिकेत दोन्ही पक्षांच्या तक्रारी येत होत्या. हिने दोघांना वेगळं केलं. आणि पलीकडचा काठ तर माणसांना दिलाच नाही. तिथं लव्हाळी, चिखल, बेडूक, बगळे. लोक म्हणाले, तिकडेही दिवे लावा. ही म्हणाली, "इकडे तुम्ही आहात ना? तिकडे त्यांना झोपू दे."

आता बाकांचं सांगायलाच हवं. इथं हसू नका, व्यासपीठावर जबाबदार माणसं बसली आहेत. पहिल्या टप्प्यात जे बाक बसवले, ते सगळेच्या सगळे ओढ्याकडे पाठ करून. समोर काय? रस्ता आणि कचऱ्याचे डबे. का? तर दप्तरी आपल्या ओढ्याची नोंद होती "सांडपाणी वाहिनी", आणि नियम असा की सांडपाण्याकाठच्या बाकाची पाठ सांडपाण्याकडे असावी. नियमाप्रमाणे काम चोख! लोक पाठीच्या फटीतून पाय घालून उलटे बसायचे. एका आजोबांचा पाय त्यात असा अडकला की सुताराला बोलवावं लागलं. बाक फिरवायचे तर आधी सांडपाण्याचा ओढा व्हायला हवा, त्याला ठराव लागतो, आणि त्या ठरावावर याच सभागृहात, याच छताखाली, एक अख्खी दुपार चर्चा झाली. ठराव पास झाला. बाक फिरले. अध्यक्ष महोदय, त्या दिवशी आपणही हात वर केला होता, त्याबद्दल आपले मनापासून आभार.

मी पाणी पितो जरा.

ही मला डोळ्यांनी खुणावतेय. बसा म्हणतेय. बसतो, बसतो.

मंडळी, तुमच्या हातातली पत्रिका बघा. हिच्या नावाखाली काय लिहिलंय? "कौटुंबिक कारणास्तव स्वेच्छानिवृत्ती." ही पत्रिका वाटली गेली आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी फळं यायला लागली. शेजारीण सफरचंदं घेऊन आली, आईला खेटून बसली आणि हळूच म्हणाली, "फार त्रास होतोय का हो?" आई भाजी चिरत होती. म्हणाली, "तू उजेड अडवून बसलीस तेवढाच." मग केळी आली. मग संत्री. कुणी माझ्याकडे असं बघायला लागलं, की चष्मेवाल्याची नजर गेली वाटतं. एका गिऱ्हाइकाने तर फ्रेम निवडता निवडता विचारलं, "वहिनी आणि तुम्ही एकत्रच राहता ना अजून?" शेवटी आई वैतागली. म्हणाली, "अरे, घरात तीन माणसं. त्यातली एक जी नोकरी सोडतेय ती. उरलो तू आणि मी. कारण कोण आहे ते एकदा ठरव, म्हणजे दुसरा फळं खायला मोकळा."

मंडळी, मी रात्रंदिवस तेच ठरवतोय. आणि म्हणून मला त्या खुर्चीत बसवत नव्हतं.

कुटुंबात कसलंही कारण नाही. झालं ते असं. शाळेच्या पुलापासून बाजाराच्या पुलापर्यंतचा शेवटचा तुकडा तेवढा उरलाय. तेवढा झाला की आपली वाट टोकापासून टोकापर्यंत जुळते. त्या तुकड्यावर स्लॅब टाकून वर गाड्या लावायची सोय करावी, असा व्यापारी संघाचा प्रस्ताव आहे. हिचा शेरा मागितला. हिने बघितलं, मोजलं आणि सांगितलं की मोठ्या पावसात स्लॅबखाली पाणी तुंबेल आणि शाळेत शिरेल. अंधारातून ना मासा जाईल ना पाखरू. आणि वाट तिथं तुटली की चालणारा आणि सायकलवाला थेट मोठ्या रस्त्यावर, ट्रकांच्या चाकांपुढे. आमची मुलगी लग्न होऊन शाळेजवळच राहते, पलीकडच्या रुग्णालयात परिचारिका आहे. ती रोज शाळेच्या पुलावर सायकल हातात धरून उभी असते, ट्रकांमधून फट मिळेपर्यंत. त्या वळणावर पडलेल्यांच्या जखमा तीच बांधते.

हिला वरून निरोप आला, शेरा जरा सकारात्मक द्या. हिने दिला नाही. पुन्हा निरोप आला. मग ही एक दिवस घरी आली, चपला न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "मी दमले. खोटी सही करणार नाही, आणि रोज भांडायला आता अंगात बळ नाही. अर्ज दिला." मी म्हटलं, कारण काय लिहिलंस? तर म्हणे, "कौटुंबिक. कुणाची अब्रू जायला नको." बघा! लोकांची अब्रू झाकायला पांघरूण कोणाचं? माझं आणि माझ्या म्हातारीचं!

उद्यापासून हिच्या खुर्चीचा कार्यभार रस्ते विभागाकडे आहे. त्यांना स्लॅबचं वावडं नाही. शेरा उद्याच पडेल.

व्यापारी संघाचे अध्यक्षसाहेब, तुम्ही खाली बघताय. अरे, तू माझा मित्र आहेस, वर बघ. ती गाड्यांची जागा माझ्या दुकानाच्या थेट पाठीमागे येते. सगळ्या बाजारात सगळ्यात मोठा फायदा माझा. मीच सांगतो की मला ती नको. माझी निम्मी गिऱ्हाइकं त्या वाटेने येतात, पायी आणि सायकलने. त्यांना गाडी लावायची नसते, त्यांना पोचायचं असतं. आणि अध्यक्ष महोदय, आपल्यालाही मी रोज पहाटे त्या वाटेवर बघतो. आपण शाळेच्या पुलापाशी मागे वळता. कधीतरी पुढे जावंसं वाटत नाही?

आता मी तिच्याकडे बघतो.

अहो बाई, सही करू नका असं मी सांगणार नाही, ती तुम्ही करणार नाहीच. मला वाईट वाटतंय ते वेगळंच. आपण एका ताटात जेवतो आणि तुमच्या जाण्याचं कारण म्हणून माझं नाव छापून आलं, आणि ते वाचून मी गप्प बसलो, कारण तुम्ही गप्प बसा म्हणालात. आज बसवत नाही. त्यांनी बदली केली तर दुकानाला कुलूप लावून मी तुमच्या मागे येईन. घरी बसवलं तर बसवू दे. पण आपल्या पायांनी जाऊ नका. आणि गेलातच, तर माझ्या नावावर जाऊ नका. अर्ज मागे घ्यायची मुदत आज कार्यालय बंद होईपर्यंत आहे. खालच्या आवक खिडकीवर अर्ज घेणारे भाऊसाहेब काल चष्मा न्यायला आले होते, त्यांनी सांगितलं. ज्या कुटुंबाच्या वतीने मला इथं उभं केलंय, त्या कुटुंबाच्या वतीने मी ते कौटुंबिक कारण या सभेसमोर मागे घेतो.

उठली. नाही, टाळ्या नकोत, एवढ्यात नकोत. ती माईककडे येत नाहीये. पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवला आणि दाराकडे निघाली. रागावली असेल तर तो तिचा हक्क आहे, आणि घरी गेल्यावर तो मी भोगीन. वाट द्या तिला, पाय आत घ्या.

आई, तू दाराशी आहेस. जिना उतरून डावीकडे वळलं की फाटक, उजवीकडे आवक खिडकी. बघ जरा, कुठं वळली?

काय? मोठ्याने सांग!

मंडळी, आई म्हणतेय, उजवीकडे वळली. आणि भाऊसाहेब खिडकी लावत होते, त्यांचा हात धरलाय तिने.

अध्यक्ष महोदय, आपण मला बोलायची संधी दिलीत, उपस्थितांनी माझी बडबड सोसली, ज्यांनी खुर्च्या मांडल्या, चहा ठेवला, फुलं आणली, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाला लागेल असं तोंडून गेलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. चहा सगळ्यांनी घ्या. निरोप तेवढा आज देता येणार नाही. नमस्कार.