मगदूमबाईंना पुन्हा कार्ड मिळतं त्याचं आख्यान

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. पेटीवाले काका, तुम्ही मात्र सूर धरून ठेवा, आज मला तो सारखा लागणार आहे.

एक प्रश्न विचारते. तुम्हाला कुणी माफ केलं, म्हणजे त्याचा तुमच्यावरचा भरवसा परत आला का?

हो म्हणणाऱ्यांनी हात वर करा. बघा! पुढच्या दोन रांगांचे सगळे हात वर. मागच्या खांबाजवळच्या आज्जी नुसत्या हसतायत. आज्जी, तुम्हाला उत्तर माहीत आहे हे कळलं मला. पण आत्ता बोलायचं नाही हं, पेपर फोडायचा नाही!

तर आजचं आख्यान आहे क्रेडिट कार्डाचं.

हसा, हसा! देवस्थानच्या सेक्रेटरीकाकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. नारदाच्या गादीवर उभी राहून ही मुलगी बँकेचं काय सांगते! काका, भक्ती असो की उधारी, दोन्हीकडे कुणीतरी आधी विश्वास टाकलेला असतो. तो गेला की काय होतं, ते ऐका.

सांगलीत विश्रामबागेत रेवती मगदूम राहायच्या. सगळे मगदूमबाई म्हणायचे. बाईंचा धंदा सहलींचा, तोही फक्त बायकांच्या. घरचा डबा नाही, कुणाचं पाणी तापवायचं नाही, खिडकीत बसायचं आणि डोंगर बघायचे! विमानाची तिकिटं स्वस्त असतात तेव्हाच घ्यावी लागतात आणि बायका पैसे देतात हप्त्याहप्त्याने. मधलं खिंडार कोण भरणार? कार्ड! आज कार्डावर तिकिटं घ्यायची, हप्ते आले की बँकेला भरायचे. वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं.

आणि मग सगळं बंद झालं. आठवतंय ना? शाळा बंद, देऊळ बंद, विमानंसुद्धा बंद. बाईंनी चाळीस बायकांची तिकिटं कार्डावर काढून ठेवलेली. बायका परत पैसे मागू लागल्या. बाईंनी काय करावं? घरातली शिल्लक मोडली आणि एकेकीचे पैसे परत केले. सगळ्यांचे, शेवटच्या रुपयापर्यंत!

राहिली कोण? बँक. विमानवाल्यांकडून पैसे आले ते उशिरा आणि तुटपुंजे. तोवर कार्डावरचं व्याज असं वाढलं, असं वाढलं... तबलेवाले दादा, जरा वाढवून दाखवा बरं! हां, तस्सं! फोन सुरू झाले. सकाळी फोन, जेवताना फोन. बाई फोन उशीखाली ठेवायच्या, तर उशी थरथरायची.

शेवटी बँकच म्हणाली, एवढे भरा, उरलेले आम्ही सोडतो. सेटलमेंट! बाईंनी भरले. बँकेचं पत्र आलं, प्रकरण मिटलं म्हणून. आणि बाईंनी काय केलं असेल? अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले! सुटलो म्हणाल्या. बँकेनेच सोडलं, आता आपलं कुणाचं काही नाही.

आता सांगा, पेपरात पस्तीस मिळाले तर पेढे वाटायला काय हरकत आहे? माझी तर नाही. पण त्या पस्तिसांवर कुणी आपल्याला पुढच्या वर्गाचा मॉनिटर करत नाही. हे बाईंच्या लक्षात आलं नाही.

दिवस फिरले. सहली सुरू झाल्या. भिशीच्या बायका दारात उभ्या. मगदूमबाई, आम्हाला काझीरंगाला न्या, गेंडा बघायचाय! आता सांगलीच्या बायकांना गेंडाच का? कुणीतरी फोटो टाकला होता ग्रुपवर, दुसरं काय! तिकिटं स्वस्त निघाली होती. बाई जोरात कामाला लागल्या. ही सहल झाली तर धंदा उभा राहणार होता. नाही झाली तर बायका जाणार होत्या दुसऱ्या कंपनीकडे, कायमच्या.

बाईंनी त्याच बँकेकडे पुन्हा कार्ड मागितलं. मेसेज आला, अर्ज मंजूर करता येत नाही. दुसऱ्या बँकेकडे मागितलं, नाही. तिसरीकडे, नाही. आणि गंमत अशी मंडळी, की एकामागून एक अर्ज केले की त्याचीही नोंद होते. पुढची बँक ती बघते आणि म्हणते, ही बाई एवढी दारोदार का हिंडतेय बरं?

बाईंचा जीव थाऱ्यावर राहीना. गॅसवर दूध ठेवायच्या आणि फोन बघायला जायच्या. खुर्चीत बसायच्या, लगेच उठायच्या. खिडकी उघडायच्या, लावायच्या. शेवटी तडक बँकेत गेल्या.

समोर लोखंडे नावाच्या मॅडम. वयाने लहान, बोलायला शांत. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं की जुनं खातं तडजोडीने मिटलंय, पूर्ण फेड झालेली नाही.

बाई म्हणाल्या, "पण तुम्हीच सोडलेत ना उरलेले पैसे?"

"सोडले, मॅडम," लोखंडे म्हणाल्या. "विसरलो नाही."

बाई तरातरा घरी आल्या. रिक्षात बोलत होत्या, जिन्यात बोलत होत्या, चप्पल काढताना बोलत होत्या. माफ करायचं आणि मनात ठेवायचं, ही कुठली माफी! त्यांचे यजमान श्रीकांतराव पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या आवटीवहिनी. म्हणाल्या, लेकीकडे जायचंय, तुमची मोठी बॅग मिळेल का? बाई गोड हसून म्हणाल्या, अहो वहिनी, नेमकी आमच्याच कामाला लागतेय. वहिनी बरं म्हणून गेल्या.

दार लागलं. पेपरच्या मागून आवाज आला, "बॅग केव्हापासून माळ्यावर आहे."

"मागच्या वेळी चाक मोडून आणलं होतं त्यांनी. मी एका शब्दाने बोलले नाही. असू दे म्हटलं."

"हो. असू दे म्हणालीस खरी," श्रीकांतराव म्हणाले. "पण बॅग त्यांना पुन्हा कधी दिली नाहीस."

काका, सूर! असू द्या, असाच असू द्या.

मंडळी, बाई मटकन खाली बसल्या. किती दिवसांनी नीट बसल्या! पेपर खाली आला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग बाईंनी बॅग नेऊन दिली. नाही दिली! माणूस असा पंख्याचं बटण दाबल्यासारखा बदलत नाही. पण बँकेवरचा राग मात्र गेला. आणि राग गेल्यावर जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. बाईंना दिसायला लागलं, की चाळीस बायकांना दिलेला शब्द आपण पाळला, आणि ज्यांच्या पैशावर तिकिटं काढली त्या बँकेला दिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लोखंडे मॅडमसमोर. बाईंनी विचारलं, "तुम्ही सोडलेले पैसे मी आता भरले तर?"

लोखंडे मॅडमनी मान वर केली. तुमच्याकडे कुणी मागत नाहीये, त्या म्हणाल्या. भरलेत तर खात्याची नोंद पूर्ण फेड अशी बदलून मिळेल. पण कार्ड मिळेलच असं मी सांगू शकत नाही. आणि लगेच तर नाहीच.

म्हणजे बघा! मागणारा कुणी नाही आणि फळाची खात्री नाही. बाईंकडे स्वतःचे पैसे होते तेवढेच, काझीरंगाच्या पहिल्या काही तिकिटांसाठी बाजूला काढलेले. तिकिटं काढली तर गेंडा. बँकेत भरले तर गेंडा गेला, बायका गेल्या, कदाचित धंदाही गेला. सांगा, तुम्ही काय केलं असतंत? पटकन सांगू नका. पटकन दिलेलं उत्तर आपलं नसतं, शेजारच्याला ऐकवायचं असतं.

बाईंनी बँकेत भरले.

मग भिशीत गेल्या आणि चहाच्या आधीच सगळं सांगून टाकलं. पेढे कशाचे होते तेही. दोघी तिथेच उठल्या, आम्ही दुसरीकडे बघतो म्हणाल्या. मग पाटीलमावशी नावाच्या सगळ्यात थोरल्या म्हणाल्या, "रेल्वे जाते का गं गेंड्याकडे? आपापलं तिकीट आपण काढू. तू फक्त ने."

गेल्या रेल्वेने! अंग मोडलं, दशम्या संपल्या, पत्त्यांवरून भांडणं झाली. गेंडा दिसला तोही पाठमोरा. पण गेल्या, आणि आल्यावर पुढची सहल ठरवून मोकळ्या झाल्या.

इकडे बाईंनी छोटी ठेव ठेवून तिच्यावर एक लहानसं कार्ड घेतलं. ठेव बँकेकडेच, म्हणजे भरवसा कुणी टाकलेला नाही, नुसती परीक्षा. दर महिन्याला वेळेवर भरत राहिल्या. फोन यायचे बंद झाले तरी बाई मुदतीच्या आधी अस्वस्थ व्हायच्या. त्यांनी ती अस्वस्थता जाऊ दिली नाही. कामाची होती ती.

पुढच्या वर्षी जुन्या बँकेकडे पुन्हा अर्ज केला. आणि मंजूर! मर्यादा इतकी लहान, की विमानाचं एक तिकीटही धड येईना. श्रीकांतराव म्हणाले, "एवढंसंच?" बाई म्हणाल्या, "या वेळी ठेव नाही मागितली त्यांनी."

पेढे वाटले नाहीत. कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि बाई बराच वेळ खुर्चीत बसून राहिल्या.

मंडळी, माफी एका दिवसात मिळते, ती देणाऱ्याच्या हातात असते. भरवसा आपल्याला हळूहळू परत भरावा लागतो, आणि त्याचा तगादा कुणी लावत नाही! हीच तर पंचाईत आहे. देवाशी तरी आपण दुसरं काय करतो? संकटात सगळं आयुष्य देऊ करतो आणि सुटलो की नारळावर मिटवतो. तोही छोटा बघून! देव काही म्हणत नाही. पण आपण पुन्हा पदर पसरतो ना, तेव्हा आपलीच नजर खाली जाते.

आता डोळे मिटा. तुम्ही ज्याला माफ केलंत अशा एकाचं नाव आठवा. आलं? लगेच आलं, हो ना!

आता ज्याने तुम्हाला माफ केलं, त्याचं नाव आठवा.

का हो, एवढी शांतता का? पेटीवाले काका, गजर सुरू करा. तोवर आठवलं तर ठीक. नाही आठवलं तर घरी गेल्यावर आधी घरातल्यांनाच विचारा. त्यांनी सोडलेलं असतं, विसरलेलं नसतं.