नुसतं पाणीच तर प्यायचंय

नाही, पण मला एक सांगा, ज्या माणसानं इतकी वर्षं पोटाच्या नावानं अख्खं घर नाचवलं, सकाळी फुगलंय, दुपारी जळतंय, संध्याकाळी नुसतं गुरगुरतंय, लग्नाला गेलं तर नवरानवरीच्या आधी संडास कुठे ते बघून येणार... त्या माणसाला डॉक्टरनं कोलोनोस्कोपी सांगितली तर त्यानं सुटलो म्हणावं की नाही? नाव नको! आमच्या व्यासराजांनी ती पोंगलवरून दिवाळीवर ढकलली, दिवाळीवरून पुन्हा पोंगलवर. शेवटी आमची लेक हरिप्रिया पेरुंगुडीच्या ऑफिसातून फोनवर कडाडली, "अप्पा, डेट घेतलीये मी. नो एक्स्क्यूज. नुसतं पाणीच तर प्यायचंय."

नुसतं पाणी! तुम्हाला सांगते, त्या पोट साफ करायच्या पावडरीचं पाणी म्हणजे समुद्रात कुणीतरी लिंबाचा साबण धुतलाय अशी चव. ह्यांनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही ते मीच रांधलंय. दुसरा घोट नाक धरून. तिसऱ्याला म्हणतात, "अगं, लॉकरची किल्ली कुठे असते ते तुला ठाऊक आहे ना?"

मला हसू आलं, पण लगेच मामंजी आठवले. आमचे मामंजी असेच "वायू झालाय" म्हणत ओवा चावत राहिले, आणि पोट उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता. ह्यांना आता तेच वय लागलेलं. तक्रार गावभर करतील, पण आत काय आहे ते बघायची ह्यांना भीती वाटत होती, दुसरं काही नाही. भीती तर मलाही वाटत होती, पण तसं दाखवून कसं चालेल? मी आपलं म्हटलं, "प्या हो, नुसतं पाणीच तर प्यायचंय."

मग दुपारपासून जे सुरू झालं ते सांगत नाही... अड्यारच्या आमच्या फ्लॅटमध्ये संडास एकच, एवढं सांगते. आणि घरात सईबाई आत्या. ह्यांच्या आत्या, तंजावरच्या जुन्या मराठी घरातल्या. मी पडले सोलापूरची, माझं ऐकतंय कोण! आत्या म्हणतात, "लेकरू सुकून गेलं की गे. डॉक्टर काय म्हणाली, नितळ पातळ चालतें ना? मग तेळिव दे." तेळिव म्हणजे चिंच-टोमॅटोचं रसम खाली बसलं की वर जे नितळ राहतं ते. ह्या घराण्यात ताप असो, बाळंतपण असो, पोर परीक्षेत नापास होवो, औषध एकच, वरचं तेळिव. मी म्हटलं, अहो आत्या, लाल काही द्यायचं नाही असं बजावलंय. "तें लाल कुठे? तें नितळ आहे," म्हणाल्या, आणि मी नको नको म्हणेपर्यंत ह्यांचा पेला रिकामा. मग मी अंघोळीला गेले. मागे स्वयंपाकघरात ह्यांनी काय केलं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ह्यांचा हट्ट, भूल नको, मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. डॉक्टर त्रिपुरसुंदरी बिचाऱ्या 'सर'चं 'सार' करत म्हणाल्या, "सार, दुखेल हं, परवाल्लैया?" चालेल, म्हणाले. मी बाहेर, हे आत, पुढचं सगळं ह्यांच्याच तोंडून ऐकलेलं: ह्यांच्यासमोर पडदा, पडद्यावर गुलाबी बोगदा. पहिलं वळण स्वच्छ, दुसरं स्वच्छ, आणि तिसऱ्या वळणावर... लाल. भिंतीला चिकटलेलं, लालभडक. ह्यांनी डोळेच मिटले. नंतर मला म्हणाले, "मला माझे अप्पा दिसले गं, ओवा चावताना."

मग बाईंनी नळीतून पाण्याची चूळ मारली आणि ते लाल सुटलं, उलटलं, गिरक्या घेत निघालं. टोमॅटोचं साल! मागोमाग मोहरीचे दाणे आणि कढीलिंबाचं पान.

"सार," बाई म्हणाल्या, "काल रसमा?"

"तेळिव, डॉक्टर. ओन्ली तेळिव."

"तेळिवात कढीलिंब कुठून आला, सार?"

कुठून येणार? वरचं संपल्यावर ह्यांनी पातेलंच तोंडाला लावलं होतं, तळ दिसेपर्यंत! बाईंनी पुन्हा पुन्हा पाणी मारून सगळं धुऊन बघितलं, ह्यांना दटावलं आणि मग म्हणाल्या, "बाकी ओण्णुम इल्लै. काही म्हणजे काही नाही. आतडं नाजूक आहे आणि तुम्ही काळजी फार करता. कॉफी कमी करा."

हे बाहेर आले, माझा हात धरला आणि त्या रांगेतल्या लोकांसमोर रडले. मीही रडले. इतक्या वर्षांत इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, खरं सांगते.

घरी आत्या म्हणतात, "पाहिलांत? तेळिव दिलें म्हणून सगळें निर्मळ निघालें." बोला आता! आणि हे? लिफ्टमध्ये कुणी पोटावर हात ठेवला की ह्यांचं सुरू, "करून टाका हो, काही नसतं त्यात." परवा मला नुसती ढेकर आली, तर माझ्याही नावानं तारीख घेऊन मोकळे. वर मलाच म्हणतात, "घाबरतेस काय? नुसतं पाणीच तर प्यायचंय."

शुक्रवारी आहे माझी... आत्यांनी चिंच भिजत घातलीय.