याकूबभाईंची जागा

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक माननीय मंदार साठे साहेब, आपल्या कामगार संघटनेचे अध्यक्ष आदरणीय चिमाजीअण्णा रेणुसे, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती याकूबभाई आतार, त्यांच्या शेजारी बसलेल्या बद्रुन्निसाभाभी, कन्या यास्मिन, आणि रश्श्याचा वास नाकात शिरत असतानाही शिस्तीत बसलेल्या माझ्या कामगार बंधू-भगिनींनो,

संघटनेचा सरचिटणीस म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. ते दोन शब्द मी लिहून आणलेत. कागद खिशात आहे. पण तो वाचावा की नको, हे इथं माईकपुढं येईपर्यंत माझं ठरलेलं नाही. अण्णा, तुम्ही घड्याळ दाखवताय, मला दिसतंय. मी लांबवणार नाही. म्हणजे लांबवायचा विचार नाही.

याकूबभाईंना आज अठ्ठावन्न पूर्ण झाली. त्यातली एकोणतीस वर्षं ते सीटच्या चौकटी जोडण्याच्या एकाच जागेवर उभे राहिले. नव्या पोरांना सांगतो, त्यांचं वेल्डिंग तपासायला कधी यंत्र लागलं नाही. चौकट जोडून झाली की हातोडीनं दोनदा ठोकायची, कान द्यायचा, आणि म्हणायचं, "जाऊ द्या हिला," नाहीतर, "ही रडतीया, बाजूला ठेवा." गुणवत्ता विभागाच्या एका साहेबांनी एकदा त्यांनी बाजूला काढलेली चौकट मुद्दाम पुण्याला तपासायला धाडली. आत बारीक चीर निघाली. साहेबांनी पेढे वाटले होते. ते पेढे का वाटले ते मात्र मला आजही समजलेलं नाही.

पण मला त्यांच्या कामापेक्षा त्यांच्या शब्दाबद्दल बोलायचं आहे. बारा वर्षांपूर्वी बाहेरच्या कंपन्यांच्या गाड्यांनी बाजार व्यापला आणि आपल्या तीन पाळ्यांच्या दोन झाल्या. आठवतंय ना? तेव्हा किकवीच्या भैरवनाथापुढं आपण सगळ्यांनी बेलभंडार उचलला, की आमच्या दारात उभी राहील ती आपल्याच कंपनीची गाडी, परकी गाडी आम्ही घेणार नाही. ठराव माझा होता. गेटावरची 'इतर कंपन्यांची वाहने आत आणू नयेत' ही पाटीसुद्धा मीच रंगवून घेतली. त्या दिवशी याकूबभाई म्हणाले होते, "भंडारा तुमी उचला, उपेंद्रभाऊ. म्या शब्द देतो. माज्याकडं तेवढाच हाय."

पुढं काय झालं? हसताय, म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांनी ज्यांनी बेलभंडार उचलला त्यांच्या मेव्हण्यांची अचानक भरभराट झाली. सकाळी सातला सारोळ्याच्या पुलापाशी हॉटेलामागं मेव्हण्यांच्या नावावरच्या परक्या गाड्यांची रांग लागते, आणि तिथून आपण कंपनीच्या बसनं साळसूदपणे गेटातून आत येतो. मागच्या बाकावरून कुणी तरी ओरडलं, "तुमची कंची?" पांढरी. कोपऱ्यातली पांढरी माझ्या मेव्हण्याची आहे. गाडी चालवता येत नाही त्याला. सांगून टाकलं, बरं वाटलं.

याकूबभाईंनी मात्र शब्द पाळला. आपल्या कंपनीची चौदा वर्षांची जुनी गाडी ते अजून चालवतात. चढ आला की घरचे खाली उतरतात. भाभी, खोटं असेल तर सांगा.

आता गेल्या महिन्यात यास्मिननं गाडी घेतली. ती चाकणच्या पुढं एका परदेशी कंपनीच्या कारखान्यात जोडणीवर आहे. तीन वर्षं शिकाऊ होती, मग कायम झाली. पहिल्या कायम पगारावर तिनं तिथलीच गाडी घेतली आणि ठरवलं, अब्बांना निरोपाला याच गाडीतून न्यायचं. ही बातमी आपल्या कमिटीला कळली आणि गहजब झाला. सत्कार आपण करायचा आणि सत्कारमूर्ती परक्या गाडीतून उतरणार? संघटनेचं नाक राहील का? अण्णा, माफ करा, पण नाकाचा मुद्दा तुमचा होता. शेवटी ठरलं की मी भोरला त्यांच्या घरी जाऊन विनंती करायची, दुसऱ्या गाडीतून या म्हणून.

मी गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी गेलो. माझी ती पांढरी गाडी एसटी स्टँडपाशी लावली आणि चालत गेलो.

भाभींनी शिरखुर्मा दिला. ईद होऊन गेली होती, पण मी येणार म्हणून केला होता. तो खाता खाता मी विषय काढला. याकूबभाईंनी लेकीकडं बघितलं. यास्मिन बोलली. ती म्हणाली, "काका, ही गाडी परकी कशी? हिचं दार मी बसवते. माझ्या शेजारी जुन्नरची मुलगी असते, ती काच बसवते. बाहेर चला, दाखवते." मला अंगणात नेऊन तिनं दार उघडलं. "वाका. सीटखाली बघा." मी वाकलो. सीटच्या चौकटीवर वेल्डरचा ठसा होता, सत्तेचाळीस. सत्तेचाळीस नंबर कुणाचा, ते या कँटीनमध्ये सांगायला नको. आपण दोन वर्षांपासून त्या कंपनीला चौकटी पुरवतो हे मला माहीत होतं हो, पण माहीत असणं आणि वाकून बघणं यात फरक आहे.

मी उठतोय तोवर ती म्हणाली, "आणि तुमच्या कंपनीच्या नव्या विजेच्या गाडीची बॅटरी नि मोटर कुठनं येते? खोक्यावरची अक्षरं तरी वाचता येतात का तुम्हाला?" नाही येत. मी रोज ती खोकी उतरवून घेतो, मला एक अक्षर येत नाही. मग देशी कुठली आणि परकी कुठली? मी तेव्हापासून विचार करतोय. मंदार साहेब, आपण शिकलेले आहात, आपल्याला उत्तर सुचलं तर मला सांगा. चेष्टा करत नाही, खरंच विचारतोय.

आणि जाता जाता ती म्हणाली, "काका, तुमची गाडी तुम्ही स्टँडवर का लावली? इथं दारात जागा होती की." तर ते असो.

मूळ गोष्ट पुढंच आहे. मी निघालो तसे याकूबभाई फाटकापर्यंत आले. म्हणाले, "गाडीचं ऱ्हाऊ द्या. गेटाभाईर लावू, आमाला काय त्याचं. माज्या जागंचं पत्र कदी निघतंय ते सांगा. अश्लेषाला म्या शब्द देऊन ठेवलाय."

अश्लेषा खोपडे कोण, हे साहेबांना कदाचित ठाऊक नसेल. जवळच्या पाली गावातून येते, कंत्राटावर. नऊ वर्षं झाली. दर अकरा महिन्यांनी तिला चार दिवस घरी बसवायचं आणि पुन्हा नवीन म्हणून घ्यायचं, अशी नऊ वेळा नवीन झालेली बाई आहे ती. याकूबभाईंच्या हाताखाली शिकली. ठोकून ऐकणं तिलाही येतं. तीन वर्षांपूर्वी यास्मिननं स्वतःबरोबर तिचाही अर्ज तिकडं भरला होता. दोघींनाही बोलावणं आलं. अश्लेषा याकूबभाईंना विचारायला गेली, तेव्हा ते म्हणाले, "कशाला घर सोडून लांब जातीस? तीन वर्सांनी म्या उतरतो. माजी जागा तुजीच. थांब." आपल्याकडं पद्धत होती ना तशी? निवृत्त होणाऱ्यानं नाव सुचवायचं आणि कंत्राटातल्या त्या माणसाला कायम करायचं. त्या भरवशावर ती थांबली. यास्मिन गेली, कायम झाली, गाडी घेतली. अश्लेषा थांबली.

फाटकापाशी मी त्यांना काय सांगितलं? म्हणालो, "प्रक्रिया चालू आहे." सरचिटणीसाचं मराठी फार सोयीचं असतं. कसलीही प्रक्रिया चालू नव्हती, याकूबभाई.

गेल्या दिवाळीआधी आपला चार वर्षांचा करार झाला. पगारवाढ जाहीर झाली तेव्हा याच कँटीनमध्ये तुम्ही मला खांद्यावर घेतलं होतं. त्या करारात अकरावं कलम आहे. निवृत्तीनं रिकामी होणारी कायम जागा भरली जाणार नाही. मी ते सभेत वाचून दाखवलं होतं. दहाव्या कलमात वाढीचा आकडा होता, त्याच्या टाळ्या चालू होत्या, आणि त्या टाळ्यांत मी अकरावं वाचलं. टाळ्या थांबायची वाट पाहिली नाही. ते मुद्दाम केलं का? मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. बहुतेक मुद्दाम केलं.

म्हणजे आज याकूबभाईंबरोबर त्यांची जागाही निवृत्त होते आहे. हे त्यांना आत्ता, या क्षणी, पहिल्यांदा कळतंय. घरी सांगायला हवं होतं. एकट्यात सांगायची छाती झाली नाही, म्हणून चारशे माणसांत सांगतोय. भाभी, माझ्याकडं असं बघू नका. नाही, बघा. तुमचा शिरखुर्मा खाऊन आलोय मी.

सही केली नसती तर? साहेब वाटाघाटीच्या टेबलावर म्हणाले होते की वाढ हवी की जागा, दोन्ही परवडणार नाही, बाजारात स्पर्धा आहे. ते खोटं बोलले असं मी म्हणत नाही. माझी वैदेही इंजिनिअरिंगला आहे, तिची फी त्या वाढीतून जाते. तुमच्याही घरी कुणाचं लग्न, कुणाचा दवाखाना त्यातूनच झालाय. मग मी बरोबर केलं का? इथून बघितलं तर बरोबर वाटतं. पालीतून बघितलं तर काय वाटत असेल? बारा वर्षं आपण परकं परकं म्हणून गाडीकडं बोट दाखवत राहिलो, आणि आपल्याच शेडमध्ये नऊ वर्षं उभी असलेली बाई आपल्याला आपली वाटली नाही. डोकं चालेनासं झालंय माझं, खरं सांगतो.

आणि एक. हा मागं शेडमधून पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा आवाज येतोय ना? आज सगळे कायम कामगार तर इथं बसलेत. मग लाईन कोण चालवतंय? कंत्राटातली माणसं. त्यांना या कार्यक्रमाचं बोलावणं नाही, कारण ते इथं आले तर लाईन बंद पडेल. सत्तेचाळीस नंबरच्या जागेवर आत्ता अश्लेषा उभी आहे. ती तिथं उभी आहे म्हणून याकूबभाई इथं शाल पांघरून बसू शकलेत.

मंदार साहेब, करार दोन्ही बाजूंच्या लेखी संमतीनं उघडता येतो, असं शेवटच्या कलमात आहे. संघटनेचं पत्र मी सोमवारी घेऊन येईन. अण्णांची सही त्यावर असेल की नाही मला माहीत नाही. अण्णा आत्ता माझ्याकडं बघत नाहीत, त्यावरून काही अंदाज लागेना. एका जागेपुरतं तरी उघडा. त्यासाठी माझी वाढ परत घ्या म्हणावं, तर तेही तोंडातून निघत नाही. बघा, माणूस कसा असतो.

अध्यक्षस्थान स्वीकारल्याबद्दल साहेबांचे आभार. एवढं ऐकून घेतल्याबद्दल तर जास्तच. अण्णांचे आभार, भाभींचे आभार. यास्मिन, तू मला वाकायला लावलंस, तुझे आभार. कँटीनच्या मावश्यांनी सकाळपासून राबून स्वयंपाक केलाय, तो गार होतोय, त्याला मी जबाबदार आहे.

बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर मोठ्या मनानं सोडून द्या. अकराव्या कलमाची माफी मात्र मी तुमच्याकडं मागत नाही. तुम्ही ती लगेच द्याल, तुम्हाला वाढ मिळाली आहे. याकूबभाई, तुम्ही उठू नका. लाईनकडं तुम्ही जायचं नाही. साडेतीनला पाळी सुटते, मी गेटापाशी थांबणार आहे. काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. पण तुमचा शब्द मोडलाय हे अश्लेषाला सांगायचंय, आणि ते मी सांगणार, तुम्ही नाही.

जेवून घ्या सगळ्यांनी.