न सांगितलेलं काम

आमी मूळचे भोसरीचेच. आमची जमीन एमआयडीसीत गेली तवा मी शाळेत व्हते. पुढं मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले आन् लग्नानंतर पिंपरीच्या एका कंपनीत कॉम्प्युटर खात्यात पंचिंगला लागले. म्हंजे काय, तर साहेबलोक कागदावर लिहून देनार, ते आमी कार्डांवर भोकं पाडून मशीनला द्यायचं. मशीनची खोली गारेगार, चपला भाईर काढून आत जायचं, देवळात गेल्यावानी. आन् एवढं मोठं यंत्र करायचं काय, तर कामगारांचा पगार. बस.

तिथं इक्बाल प्रोग्रामर व्हता. पिंपरीतलाच, वडलांचं गॅरेज, पोरगा इंजिनीअर झालेला. मला ताई म्हनायचा. आमचे हे त्याच कंपनीत असेंब्लीला. घरी आले की रोजचं रडगानं, आज बी लाइन बंद पडली, इथं बोल्ट न्हाई म्हनून आमी बसून, आन् पल्याडच्या स्टोअरात पेट्या भरून पडल्यात, कुनाला पत्ताच न्हाई. मी आपलं चहाच्या टायमाला सहज बोलले. इक्बालचा कप हातातच राहिला. म्हनाला, ताई, हे तर मशीन सांगू शकतं.

काय सांगू तुमाला, लागला की कामाला. पगाराचं काम उरकायचं आन् उरलेल्या वेळात ह्ये. स्वतः स्टोअरात जाऊन माल बघून यायचा, कार्डं मी पंच करून द्यायची. आन् एक दिवस छापलेला कागद निघाला, कुठल्या स्टोअरात काय हाय, कुठं काय संपत आलंय, समदं. घरी ह्यांना सांगितलं तर म्हनाले, हे आमाला रोज मिळालं तर सोनंच की. इक्बाल म्हनत व्हता, ताई, थोडं थांबू, अजून पक्कं करू. मीच म्हनाले, आरं थांबतोस कशाला, दाखव साहेबांना, खूश हुतील.

आमचे साहेब अकाउंट्समधून आलेले. कागद नीट वाचला त्यांनी, उगा न्हाई म्हनायचं. मग इचारलं, हे करायला कुणी सांगितलं? कुणी नाही सर. मग केलंत कशाला? उद्या वरचे मला विचारतील, हे इतकी वर्षं का नाही केलं, तेव्हा मी काय उत्तर देऊ? इक्बाल म्हनाला, सर, तुम्हीच करून घेतलं म्हणून सांगा ना. तर साहेब आनिकच तापले. कार्डं रद्दीत गेली. त्या दिसापासनं साहेबांच्या सहीबिगर एक कार्ड मशीनला लावायचं न्हाई असा हुकूम निघाला, आन् तो कुनासाठी निघाला ते समद्यांना कळत व्हतं.

मला इक्बाल एका शब्दानं बोलला न्हाई. बोलला असता तर बरं झालं असतं. चहाला येतो, पोरं कशी हायेत इचारतो, आन् सांगितलं तेवढंच काम करतो, बरोब्बर तेवढंच.

औंदा ते साहेब रिटायर झाले, नवे आले, मानूस चांगला हाय. समद्यांना बसवून म्हनाले, कुणाला काही नवीन सुचतंय का, मोकळेपणानं बोला. मी इक्बालकडं बघितलं. तो म्हनाला, नाही सर, चाललंय ते ठीक आहे. मला मान वर करवंना. वाटलं, म्हनावं त्याला, बाबा, बोल की आता. पन कुठल्या तोंडानं म्हनू? जीव लावून केलं व्हतं त्यानं. देव त्याचं भलं करो, मी दुसरं काय म्हननार.