एमएस्सीचं शेवटचं वर्ष

वाशीमच्या स्टँडवर शिरपूरच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या रत्नमालाच्या कानावर मागच्या बाकावरच्या सासू-सुनेचं बोलणं पडत होतं.

"काय म्हनलं कॉलेजवाल्यायनं?"

"एमएस्सी पाच वर्साच्या आत पुरी करा लागते म्हने, आत्याबाई. यंदाचं शेवटचं वर्स."

"मंग कर ना. काय राह्यलं?"

"प्रोजेक्ट राह्यला. सहा मईने रोज प्रयोगशाळेत या लागते. पोरगी लहान हाय."

"पोरीले मी पाहीन."

"आन् हे नाई म्हनले तर?"

"त्याच्याशी मी बोलीन. मले चवथीतून काढलं, तवा माह्याकडून बोलाले कोनीच नोतं. फॉरम भरला काय?"

"नाई. आज शेवटची तारीख हाय. पन आपली गाडी लागली ना."

"जाऊ दे गाडी. ऊठ."

रत्नमाला गाडीत चढली, तेव्हा दोघी कॉलेजच्या रस्त्याला लागल्या होत्या.