वेताळाची आरोळी

जाफराबादच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीसाठी रांग लागली होती आणि सुरेखाताईंचे कान पुढच्या दोन पन्नाशीतल्या माणसांना चिकटले होते. एकाच्या हातात बॅग, दुसरा त्याला सोडायला आलेला.

“सोमेश्वर, लेकाकडं कायमचा निघालास. मंग आपला रॉक बँड?”

“बावीस वर्षांमागं मेला तो, अक्षतशेठ.”

“मेला कुठं? दिवाळीत उभा करू. ‘वेताळ अँड पार्टी’ म्हणलं की शहागडहून ट्रक भरभरून मान्सं यायची. तोंडाला सफेदा फासून तू कापसाच्या गंजीतून उठायचास. तुझ्या आरोळीनं तीन म्हशी आटल्या!”

“दोनच. तिसरी आधीच भाकड होती.”

“अन् तोंडातून जाळ काढलास, तर गंजीच पेटली.”

“कापसात उभं करून जाळ काढायला लावायची अक्कल कोणाची?”

“पब्लिक तर ‘वन्स मोअर’ म्हणून राह्यलं होतं!”

“अजून ऐकू येतंय रे मला.”

“मंग थांब की. मार एक आरोळी.”

“धूर गिळल्यापासून मारलीच न्हाई. निघाली न्हाई तर? आज निदान वाटतंय तरी, की निघंल.”

गाडी लागली. सुरेखाताईंना जागा मिळाली ती नेमकी सोमेश्वरच्या शेजारी. अक्षतशेठ खिडकीला हात लावून चार पावलं पळाला, मग मागे पडला. गावही सरलं. सोमेश्वरनं घसा खाकरला.

“ताई, जरा वरडलो तर घाबरणार न्हाईत ना?”

सुरेखाताईंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

“बिलकुल न्हाई. मी कव्हाची वाट पाहून राह्यले.”