बाबांचा मिस्ड कॉल

तुम्ही हसान, पण सांगतोच गा. माहे बाबा जी कंपनी स्वस्त देईन तिच्यात नंबर पोर्ट करत. कॉल फुकट झाले, तरी उमरेडले पोहोचले की मिस्ड कॉलच देत. "उचलू नको, पैसे कटतात!"

ते वारले. रिचार्ज संपला, नंबर बंद पडला. परवा भरदुपारी स्क्रीनवर 'बाबा'! एक रिंग, अन् कट.

मी लगेच उलटा फोन लावला. एक बाई बोलली, "भाऊ, सिम नवीन आहे, आजच चालू झालं. मी अजून कोणालेच फोन नाही केला."

आईले सांगितलं. ती मेथी निवडून राहिली होती. मान वर न करता म्हणे,

"तू उचलला तर नाही ना?"

"नाही वं."

"मंग बरं. पोहोचले ते."